कोंबड्यांची घरघर: पहिल्या रात्रीपासून पुढच्या महिन्यापर्यंत काय करायचं

कोंबडीच्या छातीतला आवाज दिवसा ऐकू येत नाही. दिवसभर ती उकिरड्यावर, गोठ्यात, पऱ्हाट्यांच्या गंजीखाली फिरत असते आणि घरातली माणसं शेतात असतात. त्यामुळे एखादी कोंबडी मलूल दिसली, दाण्यावर धावली नाही, तर लगेच औषधाच्या दुकानाकडे गाडी काढू नका. रात्री साडेआठ-नऊला, कळप खुराड्यात बसला की दिवा न लावता जवळ जा आणि पाच मिनिटं नुसतं उभं राहा. निरोगी कळप झोपला की पिसांच्या सळसळीपलीकडे काही ऐकू येत नाही. आजार शिरला असेल तर थांबून थांबून बारीक शिंका येतात, कोणाची तरी ओली खुरखुर चालू असते, एखादी मान लांब करून तोंड उघडते आणि श्वास ओढताना शिट्टी वाजते. किती जणींचा आवाज येतोय याचा अंदाज घ्या. एक, दोन-तीन, की अर्धा कळप? हा आकडा लक्षात ठेवा, पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

उन्हाळ्यात घाबरण्याआधी एक फरक समजून घ्या. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे मराठवाड्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी सगळ्याच कोंबड्या चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून लांब करून धापा टाकतात. कोंबडीला घाम येत नाही, ती अशीच अंग गार करते. ही धाप सगळ्यांना एकदम लागते, तिला खुरखुरीचा आवाज नसतो, नाक कोरडं असतं आणि उतरत्या उन्हाबरोबर ती थांबते. रात्री गारव्यातही चालू राहिली तर तो आजार.

धरून बघताना

सकाळी खुराड्याचं दार उघडण्याआधी संशयित कोंबडी हातात घ्या. धरताना छाती दाबू नका. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड खाली-वर हलतं तेव्हाच तिच्या अंगात हवा खेळते. लेकरं कोंबडीला घट्ट कवटाळतात तेव्हा तिचा श्वास खरोखर अडतो, आणि आधीच दम लागलेली कोंबडी अशानं हातातच जाते. पंख हलके धरून, पायांखाली तळहात देऊन उचला.

मग क्रमानं बघा. नाकपुड्यांत पाणी आहे की घट्ट शेंबूड? वास येतो का? डोळ्याच्या कोपऱ्यात फेस आहे का, की एक डोळा सुजून बंद झालाय? तोंड उघडून आत बघा: पांढरे-पिवळे चट्टे, पापुद्रे, रक्त? तुऱ्याचा रंग लाल आहे की काळा-निळा पडलाय? पंखांची टोकं बघा. नाक वाहत असेल तर कोंबडी तिथंच पुसते, त्यामुळे त्या पिसांवर वाळलेला चिकटा सापडतो. शेवटी शेपटीखाली हिरवी, पातळ विष्ठा चिकटली आहे का ते पाहा. आदल्या आठवड्यातली अंडी आठवा. कवच सुरकुतलेलं, वेडंवाकडं होतं का? फोडल्यावर पांढरा बलक पाण्यासारखा पसरला का?

हे सगळं फोनमध्ये टिपून ठेवा, आवाजाची अर्ध्या मिनिटाची रेकॉर्डिंगही करा. दवाखान्यात नेल्यावर कोंबडी घाबरून गप्प बसते आणि डॉक्टरांना काहीच ऐकू येत नाही.

त्याच दिवशी

आजार कोणताही असो, पहिल्या दिवशीची कामं तीच आहेत. ती औषधाहून महत्त्वाची आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आजारी कोंबड्या वेगळ्या करा. डालग्याखाली झाकून त्याच ओसरीत ठेवल्या तर उपयोग नाही, कारण शिंकेतले थेंब डालग्याच्या फटींतून बाहेर येतातच. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर कोंबड्या असतील तर आजारी मंडळी गावातल्या घरी किंवा निदान गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूला ठेवा. दाणापाणी आधी निरोगी कळपाला, मग आजाऱ्यांना. उलट कधीच नाही. आजाऱ्यांकडून आल्यावर हातपाय साबणानं धुवा, चपला वेगळ्या ठेवा.

पाण्याची भांडी घासून उन्हात वाळवा. बहुतेक घरी कोंबड्यांना फुटक्या माठाच्या तळात पाणी असतं आणि त्यात शेवाळ साचलेलं असतं. नाकातोंडातला स्राव सगळ्यात आधी तिथंच मिसळतो. सध्यापुरतं त्या खापराला रजा द्या, धुता येईल असं प्लॅस्टिकचं किंवा स्टीलचं भांडं ठेवा.

कळप मोकळा सोडू नका. शेजाऱ्यांच्या कोंबड्या आपल्या उकिरड्यावर आणि आपल्या त्यांच्या उकिरड्यावर हा आपल्याकडचा रिवाज आठवडाभर थांबवा, आणि शेजाऱ्यांना कारणही सांगा.

आणि बाजार. गावात मर लागली असं कळलं की जो तो उरलेल्या कोंबड्या पोत्यात घालून आठवडी बाजार गाठतो. "मरण्यापेक्षा निम्म्या भावात गेलेली बरी" असा हिशेब असतो. तो चुकीचा आहे. त्या बाजारातून आजार पंचक्रोशीतल्या दहा-पंधरा गावांत पोचतो आणि पुढच्या बाजारी आपणच विकत घेतलेल्या तलंगांबरोबर परत आपल्या दारात येतो. निदान होईपर्यंत एकही पक्षी घराबाहेर जाऊ देऊ नका, पाहुण्यांना भेट म्हणूनसुद्धा नाही.

आजार ओळखायचा तो वेगावरून

घरघर हे लक्षण आहे, आजार नव्हे. तिच्यामागं निदान सात-आठ वेगळी कारणं असतात आणि त्यांतल्या निम्म्यांवर प्रतिजैविक चालतच नाही. नक्की निदान डॉक्टर किंवा प्रयोगशाळाच करेल. पण किती झपाट्यानं पसरतंय आणि किती मरतायत, या दोन गोष्टींवरून घाई किती करायची ते आपल्याला ठरवता येतं.

सगळ्यात घाईचा आजार म्हणजे राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी. विषाणूचा आजार. लागण झाल्यावर साधारण पाच-सहा दिवसांत लक्षणं दिसतात: कोंबडी तोंड उघडून श्वास घेते, हिरवी हगवण लागते, पंख गळतात, आणि दोन-चार दिवसांत काहींची मान पिळवटते, पाय लुळे पडतात. लस नसलेल्या कळपात बहुतेक सगळ्या जातात. यावर औषध नाही. बाजारात या नावानं जे काही विकलं जातं ते फार तर सोबतीला आलेल्या जंतूंवर चालतं. मान वाकडी राहून जगलेली एखादी कोंबडी पुढं हातानं भरवून जगतेही, पण तिच्यापासून बाकीच्यांना काही आठवडे धोका असतो.

दुसऱ्या टोकाला सीआरडी, म्हणजे मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूचा श्वसनाचा आजार. आपल्याकडच्या परसातल्या कळपांत जुनाट घरघरीचं हे नेहमीचं कारण. एक शिंकते, आठ दिवसांनी दुसरी. डोळ्यात साबणासारखा फेस, नाक ओलं, ओली खुरखुर, अंडी कमी, वजन उतरलेलं, पण मरतात कमी. थंडीचा कडाका, लांबचा प्रवास किंवा दुसरा एखादा आजार झाला की ही खुरखुर उफाळते. औषधानं आवाज थांबतो, जंतू जात नाही. बरी झालेली कोंबडी जन्मभर तो बाळगते आणि अंड्यातून पिल्लांनाही देते. या एका गोष्टीमुळं पुढं बरेच निर्णय बदलतात, त्यावर शेवटी येतो.

कोरायझा ओळखायला सोपा, कारण त्याला वास असतो. एका बाजूचा चेहरा सुजतो, डोळा मिटतो, नाकातून घट्ट, कुजका वास मारणारा स्राव येतो. लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत लक्षणं दिसतात, म्हणून नवी कोंबडी आणल्यावर दोन-तीन दिवसांत कळप सुजला तर आधी याचाच संशय घ्या. हा जिवाणूंचा आजार आहे, प्रतिजैविकाला दाद देतो, पण बरी झालेली कोंबडी इथंही जंतू बाळगून राहते. अंड्यातून मात्र हा जात नाही, आणि कोंबडीच्या अंगाबाहेर हा जंतू फार दिवस टिकत नाही. त्यामुळं खुराडं रिकामं करून, धुऊन, दोन-तीन आठवडे उन्हात मोकळं ठेवलं तर नव्यानं सुरुवात करता येते.

एक-दोन दिवसांत जवळजवळ सगळा कळप शिंकायला लागला, मोठ्या कोंबड्या फारशा मेल्या नाहीत, पण अंडी वेडीवाकडी, सुरकुतलेली आणि पाणचट यायला लागली, तर तो आयबी, म्हणजे संसर्गजन्य ब्राँकायटिस असण्याची शक्यता मोठी. विषाणू आहे, ऊब आणि शुश्रूषा एवढंच हातात. मान ताणून खोकताना भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडाले तर आयएलटी, म्हणजे घसा आणि श्वासनलिकेच्या दुसऱ्या एका विषाणूजन्य आजाराचा संशय घ्यायचा.

देवी आपल्या ओळखीच्या आहेत: तुऱ्यावर, डोळ्याभोवती खपल्या. पण त्यांचा एक प्रकार तोंडाच्या आत होतो. घशात पिवळट पापुद्रे धरतात, श्वासाची वाट अडते आणि कोंबडी गुदमरून मरते. बाहेर एकही फोड नसतो, म्हणून तोंड उघडून बघणं टाळू नका. पापुद्रे ओरबाडून काढू नका, रक्त वाहून तेच श्वासनलिकेत जातं.

पिल्लांच्या बाबतीत वेगळा विचार करा. दोन-तीन आठवड्यांची पिल्लं आवाज न करता नुसती तोंड वासून धापतात, पटापट जातात आणि मोठ्या कोंबड्या ठणठणीत असतात, तेव्हा अंथरुणाकडे बघा. सोयाबीनचं भुसकट! ऑक्टोबरात मळणी होते, परतीच्या पावसात ते भिजतं, बुरशी धरतं आणि फुकटचं म्हणून पिल्लांखाली पसरलं जातं. त्या बुरशीचे कण फुप्फुसात जाऊन तिथं गाठी धरतात. परसातल्या पिल्लांसाठी यावर उपाय नाही. भुसकट हलवलं की धूर उडाल्यासारखी पूड उठत असेल किंवा वास कुबट असेल तर ते खताच्या खड्ड्यात टाका. मका आणि भुईमुगाच्या टरफलांनाही हाच नियम.

थोडक्यात आणखी दोन. घशात गाठी, डोळे चिकट आणि खाण्यात महिनोन् महिने नुसती ज्वारी-तुकडा असेल तर ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. शेवग्याचा पाला, लसूणघास, मेथी घाला. आणि कोंबडी सारखी मान झटकून जांभया देत असेल तर श्वासनलिकेतल्या जंतांचाही विचार डॉक्टरांना करू द्या.

बर्ड फ्लूचा संशय आला तर

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि भोपाळच्या प्रयोगशाळेनं बर्ड फ्लू असल्याचं सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडले, तेही त्याच रोगानं. तेव्हा ‘हे आपल्याकडं कुठलं येतंय’ असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

लक्षण म्हणजे वेग. काल संध्याकाळी दाणे टिपणाऱ्या कोंबड्या सकाळी मरून पडलेल्या असतात, कित्येकींना आजाराचं चिन्हच नसतं. तुरा काळा-निळा, डोकं सुजलेलं, पायांच्या नळीवर लाल चट्टे. मानमोडीतही असं होऊ शकतं आणि डोळ्यांनी दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून चोवीस तासांत दोन-चार कोंबड्या धडाधड मेल्या, किंवा आसपास कावळे, बगळे मरून पडलेले दिसले, तर पुढचं सगळं बर्ड फ्लू धरूनच करा.

मेलेला पक्षी कापू नका, सोलू नका, खाऊ नका, कुत्र्याला टाकू नका. उचलायचा झाल्यास तोंडाला मास्क किंवा घट्ट बांधलेलं उपरणं आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी. लेकरं आणि गरोदर बायकांना लांब ठेवा. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पशुसंवर्धन खात्याच्या १९६२ या मोफत क्रमांकावर कळवा, ग्रामपंचायतीलाही सांगा. साथीचा रोग कळवणं ही पाळणाऱ्याची कायद्यानंच जबाबदारी आहे.

लोक कळवत नाहीत, कारण "सगळ्या मारून टाकतील" ही भीती. खरं आहे, रोग ठरला तर एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट केले जातात. पण भरपाई मिळते ती सरकारनं नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. लपवून वाट बघण्यात पैशाचाही तोटाच आहे. राहिला खाण्याचा प्रश्न, तर ७० अंशांच्या वर नीट शिजलेल्या मांसात किंवा अंड्यात हा विषाणू टिकत नाही. धोका कच्च्या हाताळणीत आहे.

दवाखान्यात काय न्यायचं

एक कोंबडी मेली आणि बर्ड फ्लूसारखा वेग नसेल, तर ती पुरण्याआधी विचार करा: तिच्याकडून जेवढं कळेल तेवढं जिवंत दहा कोंबड्यांकडून कळणार नाही. शवविच्छेदन करून घ्या. मेल्यानंतर जितक्या लवकर नेता येईल तितकं चांगलं. पिसं साबणाच्या पाण्यानं ओली करा, दोन पिशव्यांत बांधा, बर्फाबरोबर डब्यात ठेवा, पण फ्रीजरमध्ये गोठवू नका. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नमुने पुढं पाठवायची वेळ आली तर ते पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडं जातात. ते खातं करतं, आपण कुरिअर करायचं नाही.

आता औषधाबद्दल. दुकानात ‘कोंबडीला सर्दी झालीय’ म्हटलं की एक पुडी हातात पडते आणि बहुतेक घरी तेवढ्यावर उपचार संपतो. त्या पुडीत बहुधा प्रतिजैविक असतं. मानमोडी किंवा आयबी असेल तर ते पाण्यात गेलं. सीआरडी असेल तर दोन दिवस देऊन बंद केल्यानं जंतू नुसता निबर झाला. डॉक्टरांनी लिहून दिलं तरच, सांगितल्या मात्रेत आणि सांगितले तितके दिवस द्या. माणसाच्या कॅप्सूल फोडून अंदाजानं देऊ नका. कोलिस्टिन हे प्रतिजैविक तर ज्यांचं दूध, अंडी, मांस आपण खातो अशा जनावरांना आणि कोंबड्यांना द्यायला २०१९ पासून देशात बंदीच आहे. जुन्या साठ्यातली पुडी कोणी देत असेल तर पाकिटावरचं नाव वाचा.

पाण्यातून औषध देताना परसातल्या कळपाची खास अडचण येते. औषधाचं पाणी आपण भांड्यात ठेवतो आणि कोंबडी मोरीच्या नालीवर पाणी पिते. त्यामुळं उपचाराच्या दिवसांत कळप बंद ठेवा आणि औषधाखेरीज दुसरं पाणी दिसू देऊ नका. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात दुप्पट. त्या हिशेबानं रोज सकाळी ताजं कालवा, उरलेलं फेका. जी पाणीच पीत नाही तिला डॉक्टरांकडून सुईनं द्यायचं विचारा.

औषध चालू असताना आणि त्यानंतर किती दिवस अंडी-मटण खायचं नाही, हे त्याच भेटीत विचारून घ्या. तो काळ संपेपर्यंत अंडी विकायची नाहीत आणि घरातल्या लेकरांनाही द्यायची नाहीत.

शुश्रूषा

विषाणूच्या आजारात कोंबडी जगली तर ती बहुतेक शुश्रूषेवरच जगते. कोरडी, उबदार, वारा थेट न लागणारी जागा द्या. थंडीत खोक्याच्या एका कोपऱ्यावर बल्ब लावा. कोपऱ्यावरच, म्हणजे नको असेल तेव्हा तिला बाजूला सरकता येईल.

नाक बंद झालेली कोंबडी खात नाही. पाव लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडं कमी मीठ घाला, स्वच्छ कापसानं दिवसातून दोन-तीनदा नाकपुड्या आणि डोळे पुसून काढा. प्रत्येक कोंबडीला नवा बोळा. ज्वारीची पातळ, गार केलेली कण्या-पेज, भिजवलेला भात, उकडलेल्या अंड्याचा चुरा हे तिला सोपं जातं. एक-दोन दिवस ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात कालवून दिली तरी चालते.

भरवताना ड्रॉपर घशात खुपसू नका. जिभेच्या मुळाशी जे भोक दिसतं ती श्वासनलिका आहे. चोचीच्या कडेला थेंब लावा, ती स्वतः गिळेल. ‘तेल पाजलं आणि तासाभरात गेली’ अशा कोंबड्या आजारानं मेलेल्या नसतात, तेल फुप्फुसात गेलेलं असतं.

घरच्या उपायांबद्दल माझं वैर नाही. हळद, ठेचलेली लसूण, कांद्याची पात दाण्यात घाला, बिघडत काही नाही. मात्र त्याच्या भरवशावर तीन दिवस घालवू नका. एका उपायाला मात्र ठाम विरोध: धुरी. गोवऱ्या, कडुनिंबाचा पाला, कुठं कुठं मिरच्यासुद्धा टाकून बंद खुराड्यात धूर कोंडतात. कोंबडीच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या नऊ हवेच्या पिशव्या असतात, पार हाडांच्या पोकळीपर्यंत. धूर त्या सगळ्यांत जातो. डास-गोचीड घालवायला धुरी करायचीच असेल तर कोंबड्या बाहेर असताना करा आणि धूर पूर्ण गेल्यावरच त्यांना आत घ्या.

खुराड्यातली हवा

जुन्या पद्धतीचं खुराडं तुराट्यांच्या कुडाचं असायचं. शेणानं खालचा भाग लिंपलेला, वरचा मोकळा. त्यातून हवा आपोआप खेळायची. आता सिमेंटच्या विटा, वर पत्रा आणि समोर एक लहान दार. साप-मांजरापासून राखण चांगली झाली, हवा मात्र कोंडली. त्यात डिसेंबर-जानेवारीत परभणी-हिंगोलीकडं पारा एक आकडी उतरतो, मग मायेपोटी सगळ्या फटी गोणपाटानं बुजवतात. रात्रभर वीस कोंबड्यांचा श्वास आणि विष्ठा आत. पत्र्याला पाणी धरतं, ते खालच्या भुसकटावर ठिबकतं, ओल्या विष्ठेतून अमोनिया उठतो. अमोनिया श्वासनलिकेचं आतलं अस्तर जाळतो आणि जंतूंना वाट मोकळी होते. येळवसेच्या (मार्गशीर्ष अमावास्येच्या) सुमारास घराघरांतून ऐकू येणाऱ्या खुरखुरीला थंडीपेक्षा ही कोंडलेली हवा जास्त जबाबदार आहे. कोरड्या थंडीला पिसांची कोंबडी भीत नाही.

तपासायची पद्धत साधी: पहाटे दार उघडण्याआधी उकिडवं बसून कोंबडीच्या उंचीला डोकं नेऊन आत श्वास घ्या. डोळे चुरचुरले किंवा नाकाला झोंबलं, तर हवा बिघडलेली आहे. उभ्यानं वास येईपर्यंत थांबू नका, कारण त्या रात्रभर जमिनीलगत बसलेल्या असतात.

उपाय असा: समोरासमोरच्या दोन भिंतींत, छताच्या लगत, बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या बऱ्याच वर एकेक वीट काढून बारीक जाळी लावा. खालून येणारा वारा गोणपाटानं अडवा, वरचं मोकळं ठेवा. दर कोंबडीमागं रात्रीपुरती एक-दीड चौरस फूट जागा द्या. बसायला आडवी काठी बांधा, म्हणजे त्या विष्ठेवर बसणार नाहीत. खालचं भुसकट दर आठवड्याला हलवा, ओलं झालेलं काढा, थोडी चुन्याची भुकटी टाकून वर कोरडं पसरा. आजार होऊन गेला असेल तर सगळंच काढून लांब खड्ड्यात टाका, भिंतींना ताजा चुना मारा आणि पत्रा किंवा दार उघडून कडक ऊन खाऊ द्या. आपल्याकडच्या उन्हासारखं निर्जंतुकीकरण कुठल्याच बाटलीत मिळत नाही, आणि ते फुकट आहे.

मेलेल्या कोंबड्या ओढ्यात, नाल्यात टाकू नका. विहिरीपासून लांब, तीन-चार फूट खोल खड्डा, वर चुना, वर माती, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड किंवा बाभळीच्या फांद्या.

लस, एकट्यानं नव्हे

मानमोडीची लस स्वस्त आणि चांगली आहे. तरी गावंच्या गावं मरीत जातात, कारण लशीची लहानात लहान कुपी साधारण शंभर कोंबड्यांची असते आणि आपल्याकडं असतात पंधरा. फोडल्यावर कुपी दोन तासांत वापरावी लागते. उपाय एकच: गल्लीनं किंवा वस्तीनं एकत्र यायचं. बचत गटाची बैठक ज्या दिवशी असते तो दिवस ठरवा. गावात ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची पशुसखी, म्हणजे जनावरांच्या देखभालीचं प्रशिक्षण घेतलेली बाई असेल तर तिला पुढं करा, या कामात ती आपल्या सगळ्यांपेक्षा सरावलेली असते.

वेळापत्रक ढोबळ असं. पिल्लाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही मानमोडीची लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब; पिल्लानं डोळा मिटून उघडेपर्यंत हातात धरून ठेवायचं. चौथ्या आठवड्यात तीच परत. आठ ते दहा आठवड्यांची झाली की आरटूबी ही मानमोडीचीच दुसरी लस, टोचून. ही लस त्याहून लहान पिल्लांना देऊ नका, त्यांना ती झेपत नाही. मग मोठ्यांना दर चार ते सहा महिन्यांनी परत, कोणती ते डॉक्टर सांगतील. देवीची लस सहाव्या-सातव्या आठवड्याच्या आसपास. लशीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध दिलं तर लस चांगली धरते. दसऱ्याच्या सुमारास एक फेरी झाली की थंडी सांभाळली जाते, आणि होळीच्या आधी दुसरी केली की उन्हाळा.

कुपी दवाखान्यातून आणताना बर्फाच्या थर्मासात आणा, खिशात नाही. दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेलेली लस नुसतं पाणी असते. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं क्लोरीनचं पाणी चालत नाही. स्वच्छ विहिरीचं किंवा बोअरचं घ्या, लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी कालवा, आधी दोन तास पाणी तोडा. थेंबाचं किंवा टोचायचं काम संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात बसल्यावर करा, धावाधाव वाचते. नंतर हात धुवा, लासोटाचा थेंब आपल्या डोळ्यात गेला तर डोळा लाल होतो.

लशीनंतर तीन-चार दिवसांनी थोड्या शिंका येतात, ते चालतं. सीआरडी असलेल्या कळपात मात्र त्या वाढतात, तेव्हा आधीच खुरखुरणाऱ्या कोंबड्यांना लस टोचू नका. गावात मर चालू असताना लस दिली तर ज्यांच्या अंगात विषाणू आधीच शिरलाय त्या मरणारच, आणि मग "लशीनं मेल्या" अशी बोंब होते. मर शेजारच्या गावात असेल आणि आपल्याकडं अजून पोचली नसेल, तर मात्र एक दिवसही न दवडता द्या.

नवी कोंबडी, जुनी कोंबडी

मोटारसायकलवर रंगीत पिल्लं विकणारा, आठवडी बाजार, जत्रेतून आणलेला कोंबडा, पाहुण्यांनी दिलेली खुडूक: आजार बहुतेक यांच्याबरोबर येतो. आणलेला पक्षी तीस दिवस वेगळा ठेवायचा. वेगळा म्हणजे वेगळं भांडं, वेगळी जागा, शेवटी दाणा. त्याच्या जवळ आपली एक कमी किमतीची कोंबडी शेवटचे दोन आठवडे ठेवा. ती शिंकायला लागली तर नवा पक्षी वरून निरोगी दिसला तरी आजार बाळगतोय. गिरिराज-वनराज या सुधारित जातींची पिल्लं घ्यायची झाली तर लस दिल्याची नोंद दाखवणाऱ्या पिल्लांच्या संगोपन केंद्रातून, म्हणजे ज्याला आपण मदर युनिट म्हणतो तिथून घ्या. दारावरच्या पिल्लांचा जन्म कुठं झाला हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

आणि बऱ्या झालेल्या जुन्या कोंबड्यांचं काय? सीआरडी होऊन गेलेला कळप असेल तर दोनच वाटा आहेत. अंड्यांपुरता कळप ठेवायचा, त्यात नवीन काही मिसळायचं नाही, त्याची अंडी उबवायला कोणाला द्यायची नाहीत, आणि कोंबड्या म्हाताऱ्या होत जातील तसा तो संपवायचा. किंवा औषधाचा काळ उलटल्यावर सगळ्या एकदम काढायच्या, खुराडं चुना मारून महिनाभर रिकामं ठेवायचं आणि पिल्लांपासून परत सुरुवात करायची. पंधरा-वीस कोंबड्या आणि अंडी घरापुरतीच असतील तर पहिली वाट परवडते. पिल्लं विकून दोन पैसे करायचे असतील तर दुसरीच घ्यावी लागते, आणि ती मे महिन्यात घेतलेली सगळ्यात स्वस्त पडते, कारण रिकाम्या खुराड्याची निम्मी साफसफाई ऊनच करून देतं.